शालनच्या जवळची माणसं

सकाळचा चहा झाला की दिनकर चौगले बायकोला पत्र लिहायचा. बायकोला जाऊन अकरा महिने झाले होते.

पत्र म्हणजे मेलच, दोन-तीन ओळींची. 'आज मटकीला मोड आले नाहीत. पाणी जास्त झालं बहुतेक.' किंवा, 'जिन्याची ट्यूब गेली. उद्या बदलतो.' लिहायला तो काही शिकलेला नव्हता. गडहिंग्लजला पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून एकतीस वर्षं काढली. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता बंद करायचं, एवढंच काम. आता व्हॉल्व्ह आपोआप फिरतात, माणूस लागत नाही. पण तो कामावर होता तेव्हा पहाटे साडेतीनला घर सोडायचा आणि शालन त्याला मेल करायची. फोनच्या आवाजानं शेजारीपाजारी जागे व्हायला नकोत म्हणून. 'डबा खाल्ला का?' 'सिलिंडर आला.' 'थंडी आहे, कानाला बांधा.' 'निरोप' नावाच्या सेवेत दोघांची खाती होती. अकरा वर्षांची पत्रं त्यात होती.

पत्र पाठवून झालं की तो शालनचा फोन उघडायचा, आपलंच पत्र शोधायचा आणि वाचायचा. न वाचलेली पत्रं साठलेली तिला खपायची नाहीत. इतरांची पत्रं मात्र तो उघडत नसे. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, बायकोचं असलं तरी.

आठ दिवसांपूर्वी शालनच्या फोनवर एक नवं पान आलं होतं. फुलांचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'आता निरोप तुमच्या जवळच्या माणसांना आणखी जवळ आणणार!' त्यापुढे बरंच बारीक अक्षरात होतं. चौकटीत खूण आधीच केलेली होती. चष्मा आतल्या खोलीत राहिला होता, आणि आपलं पत्र तर त्या पानाच्या मागे. दिनकरनं 'ठीक आहे' दाबलं आणि पुढे गेला.

शनिवारी दुपारी सुवर्णा रेडेकर आली. ही शालनच्या शिवणक्लासला पहिल्या वर्षापासून येणारी, पुढे मैत्रीणच झालेली. शालनला ताई म्हणायची, म्हणून दिनकरला दाजी. उन्हातून चालत आली होती, पण पाणी घेतलं नाही. दार लोटून घेतलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"दाजी, हे काय आलंय बघा."

दिनकरनं चष्मा लावला. 'शालन चौगले यांच्या जवळची माणसं,' असं वर लिहिलं होतं. खाली सुवर्णाचं नाव, क्लासमधल्या चार-पाच बायकांची नावं, दिनकरचं नाव सगळ्यात वर. त्याखाली वेगळ्या रंगात होतं, 'ही व्यक्ती तुमच्या घरची असावी. नाव: नीता टेलर्स. शहर: परभणी. ओळख करून घ्या.'

"कोण नीता?"

सुवर्णा खाली बसली. "अनुजा आहे ती."

अनुजा तिची मुलगी. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करून गेलेली. गेली तेव्हा ती दोघं निपाणीला खोली करून राहिली होती. तिथं अनुजाचा भाऊ संग्राम चौघांना घेऊन गेला. जावयाला एका कानानं तेव्हापासून ऐकू येत नाही. तिथून ती दोघं कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं, असं गावात सगळे समजत होते. दिनकरही तसंच समजत होता.

"ती याच नावानं ताईंना मेल करायची," सुवर्णा म्हणाली. "ताई मला सांगायच्या. गावाचं नाव त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. म्हणायच्या, तुला ठाऊक नसलेलं बरं, कुणी विचारलं तर तोंडावर दिसेल. आणि आता हे बघा, सरळ छापून आलंय."

दिनकरनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. तीन वर्षं एकाच घरात, एकाच ताटाशेजारी बसून शालननं हे पोटात ठेवलं होतं.

सुवर्णाच्या ते लक्षात आलं. "तुम्हाला सांगितलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मीच एकदा म्हटलं, दाजींना तरी सांगा. तर म्हणाल्या, त्यांना खोटं बोलता येत नाही गं. लगेच कान लाल होतात."

दिनकरनं नकळत कानाला हात लावला. सुवर्णा हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"संग्राम संध्याकाळच्या सातच्या बसनं येतोय," ती म्हणाली. तो कागलला कारखान्यात होता. दर शनिवारी घरी यायचा आणि आईचा फोन हातात घेऊन लाइटबिल, गॅस, काय असेल ते बघून द्यायचा. "मी हे चार वेळा काढून टाकलं. परत येतंय. फोन बंद ठेवला तर विचारेल का म्हणून. दाजी, परभणी वाचलं ना त्यानं..."

तिनं फोन पदरात गुंडाळला.

"चल," दिनकर म्हणाला. मग थांबला. "नको. तू घरी जा. फोन मांडीखाली घेऊन बस. मी बघतो."

स्टँडजवळ रेश्मा मुजावरचं कॉम्प्युटर सेंटर होतं. रेश्माही शालनच्या हाताखालून गेलेली. शिवण काही जमली नाही, पण बाईंवर जीव होता. दिनकरनं शालनचा फोन तिच्यासमोर ठेवला आणि कुणाचं नाव न घेता सगळं सांगितलं. रेश्मानंही नाव विचारलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला म्हणाली, "भाऊ, झेरॉक्स मशीन गरम झालंय, तासाभरानं या." आणि शटर अर्धं ओढलं.

"काका, पहिलं सांगते. यांनी पत्र उघडून वाचलेलं नाही."

"मग कळलं कसं?"

"तुम्ही पाणी सोडत होता तेव्हा कुठल्या गल्लीत पाहुणे आलेत हे तुम्हाला कळायचं की नाही?"

"कळायचं की. टाकी किती लवकर उतरते त्यावरून."

"दार वाजवून विचारत होता?"

"कशाला विचारायचं?"

"तसंच हे. आत काय लिहिलंय ते बघायची गरजच नाही. कुणी कुणाला पाठवलं, किती वाजता, किती दिवसांनी, उत्तर किती लवकर गेलं. एवढ्यावर मशीनला माणसाची सगळी नाती काढता येतात. कोण नवरा, कोण बहीण, कोण देणेकरी. शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येतं म्हणे."

ती फोनवर काहीतरी उलगडत होती. एका ठिकाणी थांबली.

"हे बघा. परभणीहून बाईंना पत्र आलं, मंगळवारी अकरा दहाला. अकरा वीसला बाईंचं पत्र सुवर्णामावशीला, 'मापं घ्यायला ये.' पुढच्या महिन्यात परत तेच. परभणीहून आलं की दहा-पंधरा मिनिटांत मावशीला बोलावणं. तीन वर्षं. दुसऱ्या कुणाच्या पत्रानंतर बाई असं करत नव्हत्या."

दिनकरला ते लगेच समजलं. वरच्या आळीत व्हॉल्व्ह फिरवला की खालच्या आळीत पाइप धडधडायचा. दोन्हीकडचं पाणी एकच आहे हे सांगायला नकाशा लागायचा नाही.

शालन एवढी सांभाळून वागली होती. नाव नाही, गाव नाही, पत्रात फक्त मापं. पण निरोप आला की तिला दम निघत नसे. आईला कधी सांगते असं व्हायचं. तेवढ्यावरून पकडली गेली होती.

"पण शालन तर नाही आता," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाची जवळची माणसं कशाला दाखवायची?"

रेश्मा जरा घुटमळली. "मेलेल्यांची खाती तीन महिन्यांनी बंद होतात, काका. कुणी उघडलं नाही तर. हे रोज उघडलंय. सकाळी साडेसात, पावणेआठ. रोज एक पत्र वाचलंय. मशीनच्या मते बाई आहेत. आणि आठ दिवसांपूर्वी त्यांनी या सगळ्याला होकार दिलाय."

या सगळ्या जगात कुणाला तरी, मग ते मशीन का असेना, शालन आहे असं वाटत होतं. तेवढं क्षणभर बरं वाटलं. मग त्याला परभणी आठवलं.

"बंद कसं करायचं?"

"नुसता होकार काढून उपयोग नाही. नातं एकदा काढलं की ते त्यांच्याकडे राहतं. खातंच पुसावं लागेल. नव्या कायद्यानं तेवढं बरं केलंय. पुसलं म्हणजे पुसलं. त्या खात्यावरून काढलेलं सगळं पुसावं लागतं त्यांना. सगळ्यांकडून. मावशीच्या फोनवरून, परभणीच्या फोनवरून..." ती थांबली. "तुमच्याही फोनवरून, काका. बाईंनी तुम्हाला पाठवलेली पत्रंसुद्धा जातील. एकच प्रत असते ती. दोघांना दिसते एवढंच."

"काढून घेता येत नाहीत?"

"येतात. अर्ज केला की तीन दिवसांनी मिळतात."

"आणि पुसायला किती वेळ?"

"सगळीकडून जायला तीन तास धरा."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. सातच्या बसला संग्राम उतरणार होता.

"म्हणजे साडेतीनला दाबायला पाहिजे," दिनकर म्हणाला. "थोडं हातचं राखून."

"मी बाईंचं खातं इथं कॉम्प्युटरवर उघडून छापायला लावते. एकेक काढावं लागेल, पण जेवढी निघतील तेवढी निघतील. तुम्ही बसा इथं, कुठली पाहिजेत ती सांगा."

दिनकर खुर्चीवर बसला. शालनचा फोन त्याच्या हातात होता. तासभर होता. तासाभरात त्याला तिची कितीतरी पत्रं वाचता आली असती. त्याला हव्या असलेल्या दोन-तीन पत्रांच्या तारखाही माहीत होत्या. पण नीता टेलर्सच्या नावापुढे सहा पत्रं न उघडलेली होती. ती आज गेली की त्यात काय होतं ते सुवर्णाला कधीच कळणार नव्हतं. आणि तिकडे त्या पोरीला बाई गेल्याचंही माहीत नव्हतं.

"तू काढ तुला जमेल तशी," तो रेश्माला म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं पत्र उघडलं.

पहिल्यात डॉक्टरनं तारीख दिल्याचं होतं. दुसऱ्यात, 'बाई, मुलगी झाली. आईला आजच सांगा.' तिसऱ्यात फोटो होता. पिवळ्या झबल्यातलं पोर, मूठ तोंडात. खाली लिहिलं होतं, 'झबलं मीच शिवलं. गळा जरा मोठा झाला, तुम्ही असता तर उसवायला लावलं असतं.' चौथं दोन महिन्यांनंतरचं. 'बाई, उत्तर नाही. माझ्यावर रागावलात का?' पाचवं, 'आईनंच नको म्हटलं का? तसं असेल तर तसं सांगा, मी परत विचारणार नाही.' सहावं गेल्या महिन्यातलं. त्यात पुन्हा फोटो होता, आणि मजकूर एकाच शब्दाचा. 'बाई?'

दिनकरनं चष्मा काढून पुसला. ही पत्रं रोज सकाळी त्याच्या स्वतःच्या पत्राच्या खालीच पडलेली होती. तो त्यांना ओलांडून जात होता.

मग त्यानं शालनच्या खात्यावरून लिहायला घेतलं. त्याच्या स्वतःच्या खात्यावरून लिहिणं म्हणजे मशीनला नवा पाइप दाखवणं, एवढं त्याला कळलं होतं.

'अनुजा, मी दिनकर, बाईंचा नवरा. बाई अकरा महिन्यांपूर्वी गेल्या. हृदयाचं झालं, त्रास फार झाला नाही. तुझी पत्रं मी आज वाचली. आई तुझ्यावर रागावलेली नाही. तिला काहीच कळलेलं नाही. मी सांगतो. तुझं गाव या कंपनीनं उघड केलंय, म्हणून हे खातं मी साडेतीनला पुसणार आहे. तूही तुझं पूस. आता इथं लिहू नकोस. कागदावर लिही. खाली माझा पत्ता देतो. पाकिटावर तुझा पत्ता घालू नकोस.'

तीन वाजून सतरा मिनिटांनी उत्तर आलं. 'काका, बाई गेल्या हे मला पटत नाहीये. मी इथं दुकानात बसलेय आणि समोर गिऱ्हाईक उभं आहे. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो, त्यावरून गाव कळेल.'

'मग कधी बाहेरगावी गेलीस की तिथून टाक. उशीर झाला तरी चालेल.'

'टाकते. आईला सांगा मी'

पुढं काही आलं नाही. दिनकरनं थोडा वेळ वाट पाहिली. पुन्हा एक आलं. 'काय सांगायचं ते सुचत नाहीये. फोटो नीट बघून ठेवा काका. तिला सांगा.'

छापून घेतले तर कागद कधी ना कधी संग्रामच्या हाती लागणार. त्यानं दोन्ही फोटो उघडले आणि नीट बघितले. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आट्यांनी बंद होतो हे एकतीस वर्षं त्यानं डोक्यात ठेवलं होतं, कुठे लिहिलं नव्हतं. तसंच तो आता बघत होता. केस, कपाळ, कान, हनुवटी. एकेक.

"साडेतीन," रेश्मा हळूच म्हणाली.

मशीननं तीनदा विचारलं, खात्री आहे का. तीनदा त्यानं हो म्हटलं. शेवटी विचारलं, 'आपण स्वतः शालन दिनकर चौगले आहात का?'

दिनकरनं 'हो' दाबलं.

आधी यादी रिकामी झाली, मग नाव गेलं, मग पांढरं पान राहिलं. खिशातून त्यानं आपला फोन काढला. त्यात मात्र शालनची पत्रं अजून होती. ती जायला वेळ लागणार होता. वाचायची का? एक उघडलं. 'कोथिंबीर आणा. विसरला होता परवा.' दुसरं उघडायला बोट लावलं, तर ते नव्हतं.

रेश्मानं कागदांचा गठ्ठा आणून दिला, तेव्हा ती रडत होती. "काका, माझी चूक झाली. मशीन वरून छापत गेलं. नवी आधी. ही सगळी तुमचीच आहेत. तुम्ही बाईंना लिहिलेली."

वर मटकीचं पत्र होतं. त्याखाली ट्यूबचं.

"असू दे," दिनकर म्हणाला. "चांगली छापलीस." आणि घरी गेला.

रविवारी सकाळी संग्राम दारात उभा राहिला. अंगानं थोराड, पण दिनकरसमोर आला की अजून चपला बाहेर नीट जोडून ठेवायचा.

"काका, आईच्या फोनमधली शालनमावशीची पत्रं गायब झालीत. सगळी. कुणी काही केलं का?"

"मी केलं. तिचं खातं पुसलं."

"का ओ?"

"मी तिला रोज पत्र लिहीत होतो, संग्राम. पाठवायचो आणि तिच्या फोनवर मीच वाचायचो. अकरा महिने. त्याचं भलतंच काहीतरी व्हायला लागलं. मग म्हटलं, बस झालं."

संग्रामनं मान खाली घातली. "मला माहीत नव्हतं." मग थोड्या वेळानं, दाराच्या कडीशी चाळा करत, "मावशी कधी अनुजाचं काही बोलायच्या?"

"माझ्याजवळ कधी एक शब्दसुद्धा नाही."

त्याचे कान लाल झाले नाहीत. ते अक्षरशः खरं होतं. त्याला आतून शालनचं कौतुक वाटलं.

संग्राम जाता जाता म्हणाला, "एकटे बसत जाऊ नका. शनिवारी आलो की चहाला या आमच्याकडं." आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. तेच दिनकरला जड गेलं. याच हातांनी निपाणीला ते केलं होतं.

मंगळवारी संग्राम कागलला होता, तेव्हा सुवर्णा आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली आणि पदराचं टोक धरून वाट बघत राहिली.

"मुलगी झालीय," दिनकर म्हणाला. "सात महिने झाले. दोघी बऱ्या आहेत."

सुवर्णा हललीसुद्धा नाही.

"दुकान चालू आहे. मी लिहिलं तेव्हा गिऱ्हाईक होतं. तू रागावलीस असं तिला वाटत होतं. तसं नाही म्हणून मी सांगितलंय. कागदावर पत्र येईल. कधी येईल ते सांगता येत नाही."

"फोटो होता?"

"होता. दोन होते. पुसले गेले." मग तो घाईनं म्हणाला, "पण मी बघून ठेवलेत."

"सांगा."

दिनकरनं डोळे मिटले. त्याला नटवून सांगता येत नव्हतं. "पिवळं झबलं. तिनंच शिवलेलं. गळा मोठा, एका खांद्यावरून उतरलेला. केस दाट, पुढं कपाळावर आलेत. मागं कमी, झोपून झोपून घासलेत. कान तुझ्यासारखे, पाळी चिकटलेली. हनुवटीला खळी नाही. डाव्या गालावर काजळाचा ठिपका, जरा पुसलेला. मूठ तोंडात. दुसऱ्या फोटोत बसलीय, मागं उशी लावलेली. हसतेय."

"दात?"

"खालचे दोन."

"खालचे," सुवर्णा म्हणाली. "अनुजाचेही खालचेच आधी आले होते. चमच्यावर वाजायचे."

तिनं पदर तोंडाला लावला, पण ती रडत नव्हती, हसत होती. गॅसवर दूध वर आलं, दिनकरनं उठून ते उतरवलं आणि परत येऊन बसला.

"दाजी," ती म्हणाली, "परत एकदा सांगा. सावकाश."

दिनकरनं झबल्यापासून सुरुवात केली.